उभा दिवा

दादाच्या सायकलचा दिवा दोन-तीन दिवस रुसल्यासारखा करत होता, म्हणून रविवारी दुपारी बारकीनं पुढचं चाक आणि दिवा दोन्ही काढून घरात आणले. सुरुवात झाली ती एवढ्याशा कामानं. जेवणं झाली होती, उन्हात बसून वहिनी वह्या तपासत होती, आणि दादा पाना हातात घेऊन उगीच मध्ये मध्ये करत होता.

बारकी म्हणजे दादाची धाकटी बहीण. तिशी उलटून गेली तरी घरात तिला दुसरं नाव उरलं नव्हतं. कानाची यंत्रं दुरुस्त करायच्या दुकानात ती कामाला होती. केसाएवढ्या तारांवर तिचा हात बसलेला, त्यामुळे घरात जे जे बिघडेल ते तिच्याच टेबलावर येऊन पडायचं. "डॉक्टरीणबाई, पेशंट आलाय," असं म्हणून दादा वस्तू ठेवायचा आणि निघून जायचा. तो तलावापलीकडच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात होता. संध्याकाळी घरी आला की त्याच्या कपड्यांना ब्लीचिंग पावडरचा वास यायचा. वहिनी शाळेत शिकवायची. घरात माणसं तीन आणि सवत एक, असं ती सायकलकडे बघून म्हणायची.

त्या सायकलचा दिवा वरून अडकवलेला नव्हता. पुढच्या चाकाच्या मधोमध, हबमध्येच, डायनामो होता. चाक फिरलं की वीज तयार व्हायची, पुढचा पांढरा दिवा लागायचा आणि त्याच विजेवर तारेतून मागचा लाल. दादाला या गोष्टीचा भारी अभिमान. रोज चार्जिंगला लावायच्या दिव्यांना तो जावईबापू म्हणायचा, म्हणजे सरबराई केली तरच चेहरा उजळणार. स्वतःच्या दिव्याची सरबराई तो कमी करायचा असं मात्र नाही. दर रविवारी काच मऊ फडक्यानं पुसायची, जोडांना बोटभर ग्रीस लावायचं, पाण्याचा फवारा हबवर अजिबात मारायचा नाही, मारू द्यायचाही नाही. आणि रस्त्यानं जाताना मध्येच एक हात सीटमागे न्यायचा. तळव्यावर लाल उजेड पडला की मागचा दिवा चालू आहे म्हणायचं आणि पुढे निघायचं.

त्या दिव्याकडे बघून सायकल कशी चालली आहे ते कळायचं. हातानं ढकलत नेली तर दिवा पावलागणिक थरथरायचा. वेग आला की थरथर मिटून उजेड सलग व्हायचा. कॅरियरवर वहिनी बसलेली असली की तो धाप लागल्यासारखा मंद-तेज, मंद-तेज करायचा, आणि दादा त्यावरून तिला चिडवायचा. सायकल थांबली तरी दिवा लगेच विझत नसे. आत साठलेल्या विजेवर तो चारेक मिनिटं मंद जळत राही, माणूस रेल्वेच्या फाटकापाशी थांबलेला असला तरी मागून येणाऱ्या गाडीला दिसावा म्हणून. दादा त्याला उभा दिवा म्हणायचा.

घराच्या मागच्या खिडक्यांतून तलावाचा लांबलचक बांध दिसे. बांधाच्या मध्यावर जुनं पंपघर आहे आणि तिथे रस्ता एकदम वळतो. थंडीच्या दिवसांत लवकर अंधारून यायचं, आणि त्या वळणावर दादाचा दिवा दिसला की वहिनी चहाचं आधण ठेवायची. बांध उतरून, चढ चढून, गल्लीतल्या गतिरोधकावर धडपडत दादा दारात यायचा तेव्हा आधणाला नुकती उकळी फुटलेली असायची. इतकी वर्षं झाली, पण चहा कधी थांबला नाही की दादा कधी थांबला नाही.

तर त्या रविवारी बारकीनं जोड उघडला आणि आतली पिन हिरवी पडलेली दिसली. बोट लावलं तर तुटूनच हातात आली. तशी पिन बाजारात मिळाली असती, पण रविवारी दुकानं बंद. तिच्या डब्यात एक पिन होती, जरा जाड. कानशीनं घासली असती तर बसली असती. अर्ध्या तासाचं काम. पण आठवडाभर तेच करून बोटं विटली होती, आणि तिनं कंटाळा केला. उद्या करते म्हणाली. दादानं माळ्यावरचं जुनं साधं चाक काढून सायकलला लावलं. साध्या चाकात वीज कुठली, त्यामुळे मागचा लाल दिवाही मेलाच. बारकीनं सांगितलं की उद्याचा दिवस बसनं जा, नाहीतर शेजाऱ्यांकडून चार्जिंगचा दिवा मागून आणू. जावईबापूंना आपल्या दारात जागा नाही, असं म्हणून दादा हसला.

"उजेड असेपर्यंत येतो की," तो म्हणाला.

सोमवारी केंद्रातला एक मोठा व्हॉल्व्ह अडकला आणि सगळ्यांनाच उशीर झाला. संध्याकाळी तलावावर धुकं उतरलं. वहिनी सवयीनं खिडकीपाशी गेली आणि परत आली. बांधावर काही दिसत नाही, असं तिनं सांगितलं, आणि दोघींना त्यात काहीच वाटलं नाही. आज दिवाच नाही, मग दिसणार काय? दुसरा कुठलाही दिवस असता तर वळणावर उजेड नाही म्हणून दोघींच्या जिवाची घालमेल झाली असती, एकीनं केंद्रात फोन केला असता, दुसरी बांधावर धावली असती. त्या दिवशी त्या शाळेतल्या गमती सांगत हसत बसल्या. बारकीला पुढे कधी स्वतःचं ते हसणं आठवलं की जेवणाचं ताट सरकवून ती उठायची.

पाण्याच्या टँकरचा चालक नंतर रडत सांगत होता की पुढे कुणी आहे हेच दिसलं नाही, वळणावर काहीतरी लागल्याचा आवाज आला, थांबून बॅटरी मारली तर उतारावर नुसती सायकल. मागचं मडगार्ड वाकलेलं होतं, बाकी सायकल धड. दादा नव्हता. पाणबुडे आले, होड्या आल्या, बांधाचे खालचे दरवाजे उघडून पाहिले. तलाव खोल आहे आणि तळाशी गाळ आहे, असं सांगून सगळे एकेक करून परत गेले. नातेवाईक आले, राहिले, तेही गेले. वहिनी शाळेत जायला लागली. फक्त संध्याकाळी ती दाराची कडी लावू देत नसे, आणि तिला काही बोलायची बारकीची छाती होत नसे.

चाक बारकीच्या खोलीत टेबलावरच्या आकड्याला आसावर टांगलेलं होतं तसंच राहिलं. दिवा खाली टेबलावर. मधली तार लोंबत होती. तिकडे बघवत नसे आणि काढून ठेववतही नसे.

मग एका संध्याकाळी ती खोलीत कपडे बदलत असताना घरंगळल्यासारखा बारीक आवाज आला. चाक फिरत होतं.

तिनं हातानं थांबवलं. ट्यूबच्या व्हॉल्व्हच्या वजनानं फिरलं असेल, खिडकी उघडी होती, उंदीर धावला असेल. शिकलेल्या माणसाला अशा वेळी कारणं भराभर सुचतात. दुसऱ्या दिवशी तिनं खिडकी बंद केली. काळोख पडता पडता चाक फिरायला लागलं. आधी हळू, मग चांगल्या वेगानं, मग मंदावून थांबलं. जरा वेळानं पुन्हा निघालं. पुढे थोडा वेळ चाकाच्या तारा थडथड थरथरल्या. मग कितीतरी वेळ एकसारखी घरघर. आणि मग मध्येच, कुणीतरी ब्रेक दाबावा तसं, ते जागच्या जागी अडलं.

तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशीही. बारकीला दुकानात काम सुचेना. चिमटा हातातून निसटायचा, गिऱ्हाईक काय बोलतंय ते तिसऱ्यांदा विचारावं लागायचं. पाय सारखे हलत असायचे. संध्याकाळ जवळ आली की घरी जाऊ नये असं वाटायचं आणि ती इतरांच्या आधी निघायची. कितव्या तरी दिवशी, चाकासमोर स्टुलावर बसलेली असताना, एकदम तिच्या लक्षात आलं.

केंद्राबाहेरचा उतार. मग फाटक, तिथे थांबायचं. मग फळ्यांचा पूल, थडथड. मग बांध, लांब, सपाट. आणि पंपघराचं वळण.

चाक रोज तिथपर्यंत यायचं आणि तिथेच अडायचं.

"तिथंच थांबतो ना?"

बारकी दचकून उठली. दारात वहिनी उभी होती. अंधारात उभं राहून तिनं किती दिवस हे बघितलं असेल कोण जाणे. ती आत आली नाही. चौकटीला हात लावून, शेजारच्या खोलीत मूल झोपलं असावं तशा आवाजात बोलली.

"मी ऐकते रोज. इतक्या लांब येतो आणि... पुढे येत नाही."

"वहिनी, ते नुसतं चाक आहे गं."

"त्याला दिसत नाहीये, बारके. अंधार आहे तिथे." तिनं टेबलावरच्या लोंबत्या तारेकडे पाहिलं. "तू एवढं जोडून दे."

ती दोष देत नव्हती. दोष दिला असता तर बारकीनं भांडण काढलं असतं, रडली असती, आणि तार तशीच लोंबत राहिली असती. पण वहिनी मदत मागत होती. ती झोपायला गेल्यावर बारकी घरभर फिरत राहिली. हात लावू नये हे तिला समजत होतं. पण दादा अंधारात आहे, आणि तो आपल्या कंटाळ्यापायी आहे, हे एकदा कानावर पडल्यावर हात स्वस्थ बसेनात. शेवटी तिनं डबा काढला. जाड पिन कानशीनं घासली, कथलाचा डाग दिला, जोडात ग्रीस भरलं, तार दिव्यात खोचली. बरोबर अर्धा तास लागला. तेवढ्यासाठी ती रडली, आणि मग हात धुऊन पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी शेजारी बसल्या. खोलीत दुसरा उजेड नव्हता. चाक हललं आणि टेबलावरचा दिवा थरथरत उजळला.

उतारावर तो असा लखलखला की भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यावं. फाटकापाशी मंद होऊन उभा राहिला. पुलावर फडफडला. बांधावर सलग झाला. बारकीनं वहिनीचा हात धरला होता आणि तो हात थंडगार होता. मग वळण आलं. दिवा मंदावला, आणखी मंदावला, आता विझतो असं वाटलं, आणि थरथरायला लागला. एकेक पाऊल. कुणीतरी सायकलवरून उतरून, हातानं ढकलत, सावकाश ते वळण चालून जात होतं.

पुन्हा सलग उजेड झाला. वहिनीनं हात सोडवून घेतला आणि मागच्या खिडकीपाशी गेली. बारकी मागोमाग. बाहेर धुकं होतं. बांधावर, वळणाच्या अलीकडे, एक पांढरा ठिपका या बाजूला येत होता.

कुणाचीही सायकल असेल, बारकीनं मनाशी म्हटलं. रस्ता काही आपला एकट्याचा नाही.

वहिनीनं आधण ठेवलं.

खोलीतला दिवा चढावर मंदावला, गल्लीत उजळला, गतिरोधकावर एक उसळी मारून गचकला, आणि चाक थांबलं. दिवा विझला नाही. मंद, स्थिर, उभा. बाहेर दाराच्या काचेवर अगदी तेवढाच मंद उजेड पडलेला होता. आधणाला उकळी फुटली.

वहिनीनं दार उघडलं. दारात कुणी नव्हतं. फक्त धुक्याबरोबर गाळाचा आणि ब्लीचिंग पावडरचा वास आत आला, आणि चहाच्या वासात मिसळून घरभर पसरला. वहिनी बराच वेळ उंबऱ्यावर उभी राहिली. मग बाजूला सरकली, एखाद्याला आत यायला वाट द्यावी तशी. दार लावून घेतलं. तीन कप भरले. थोड्या वेळानं खोलीतला दिवा आपोआप विझला.

"फार दमलाय," ती म्हणाली. त्यानंतर आडवी झाली ती सकाळपर्यंत जागी झाली नाही. कित्येक दिवसांत ती अशी झोपली नव्हती.

बारकीला वाटलं, संपलं. माणूस घरी पोचला, आता सुटला. आपण जे करायचं राहिलं होतं ते केलं. उद्या चाक खाली काढायचं, दिवा बांधून माळ्यावर टाकायचा. मन हलकं व्हायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुकानात तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. काहीतरी विसरलं आहे, गॅस चालू राहिला आहे, असं सारखं वाटत राहिलं. ती लवकर निघाली, तरी घरी पोचेपर्यंत काळोख झालाच.

दार सताड उघडं होतं. स्वयंपाकघरात ओट्यावर दोन कप होते, दोन्ही रिकामे. वहिनीचे बूट जागेवर नव्हते, खुंटीवरचा कोट नव्हता. बारकीनं हाक मारली. तिच्या खोलीतून घरघर ऐकू आली.

चाक फिरत होतं. ती आत शिरली तेवढ्यात दिव्यानं एक उसळी मारली. गतिरोधक. मग गल्ली, मग उतार. आज ते केंद्राकडून निघालं नव्हतं. घराकडून निघालं होतं. आणि दिवा सलग जळत नव्हता. उतार संपला तसा तो धापा टाकायला लागला. मंद-तेज, मंद-तेज.

मागे कुणीतरी बसलं होतं.

बारकी खिडकीकडे धावली. बांधावर एक लाल ठिपका होता. लाल म्हणजे मागचा दिवा, म्हणजे पाठ इकडे. तो हळूहळू पंपघराच्या दिशेनं चालला होता. धावत गेलं तरी गाठता आलं नसतं. तार तोडावी, म्हणजे हे सगळं बंद पडेल, असं मनात येऊन तिनं पक्कड उचललीसुद्धा, आणि तिथेच थिजली. तार तुटली तर तो लाल दिवाही जाणार. वळण समोर होतं, धुकं होतं, आणि मागे, बांधाच्या या टोकाला, कुठल्यातरी मोठ्या गाडीचे दिवे चढत होते. दादाला एकदा अंधारात पाठवलं होतं. आता वहिनीलाही पाठवायचं का?

तिनं पक्कड टाकली आणि दोन्ही हातांनी चाक धरलं.

टायर तळव्यांतून सोलत निघून गेला. तिनं पुन्हा धरलं, छातीशी आवळलं. चाक ओढत होतं. नुसत्या चाकाला एवढी ओढ नसते. चढावर दोन माणसांचं वजन घेऊन जाणाऱ्या सायकलची ओढ होती ती, आणि लहानपणी दादाची सायकल मागून धरून ठेवायची खोड असल्यामुळे ती तिला पक्की ओळखीची होती.

"दादा, तिला नको रे," ती म्हणाली. "तिला नको नेऊस."

ओढ थांबली.

दिवा मंद होऊन उभा राहिला. बारकीनं मान वळवून खिडकीतून पाहिलं. वळणाच्या जरा अलीकडे लाल ठिपका थांबला होता. ती मोठी गाडी त्याच्यापाशी आली, हळू झाली, ठिपक्याला बाजूनं टाकून पुढे गेली.

वहिनी परत आली ती पायी. केस धुक्यानं भिजलेले, बूट चिखलानं भरलेले. बारकी अजून चाक धरून बसली होती, हातांची साल निघाली होती. वहिनी तिच्यासमोर पलंगाच्या कडेवर बसली. घाबरलेली मुळीच नव्हती. माणूस अर्ध्या प्रवासातून परत आल्यावर हिरमुसतं तशी दिसत होती.

"मध्येच उतरवलं मला," ती हळूच म्हणाली.

"वहिनी... तू चालत गेली होतीस. हो ना?"

वहिनी उजवा तळहात उघडून स्वतःशीच बघत राहिली. "मागचा दिवा लागला होता. मी हात धरून बघितलं." मग म्हणाली, "म्हणाला, बारकीनं चाक धरलंय. तिला सांग सोडायला, हात दुखतील... मी थांबतो म्हणाला. इथेच."

ती उठून गेली तेव्हा बारकीनं पाहिलं, तिच्या कोटाच्या मागच्या बाजूला कॅरियरच्या सळ्यांचे गंजकट पट्टे उमटले होते. दादाची सायकल पोलीस चौकीच्या आवारात साखळीनं बांधलेली होती, टँकरच्या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत.

त्याच रात्री बारकीनं जाड तार आणून चाक आकड्याला बांधलं आणि पक्कडीनं पीळ देऊन देऊन घट्ट केलं. आता ते बोटभरही हलत नव्हतं. दिवा तेवढा विझायची वाट होती. चारेक मिनिटं, त्यापेक्षा जास्त वीज आत साठतच नाही, हे तिला दादाइतकंच माहीत होतं.

दिवा विझला नाही. सकाळी जळत होता. दुसऱ्या सकाळीही. मंद, स्थिर, उभा. कुणीतरी एक पाय जमिनीवर टेकवून थांबलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. दिवसा उन्हात तो दिसायचा नाही, हात धरला तर तळव्यावर कळायचा. आणि काळोख पडला की बांधावर, वळणाच्या अलीकडे, लाल ठिपका असायचा. शेजारी म्हणाले, पाटबंधारेवाल्यांनी धोक्याची खूण लावली असेल. बारकी रविवारी मुद्दाम जाऊन आली. तिथे काहीच लावलेलं नव्हतं.

तिनं दिव्याची तार तोडली नाही. तोडायला जायची, पक्कड लावायची, आणि त्या काळोख्या वळणाचा विचार येऊन मागे फिरायची. मग दिव्यासमोर बसून, वहिनीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, ती त्याला समजवायची. "दादा, तू जा ना रे. एकटा जा. माझं चुकलं, कंटाळा केला मी. पण ती माझ्याजवळ राहू दे." तिला दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि हे तिनं त्याला सरळ सांगितलं. दिवा जळत राहिला.

वहिनी शाळेत जायची, वह्या तपासायची, वेळेवर जेवायची. फक्त संध्याकाळी कोट घालून, बूट चढवून खिडकीशी बसायची. बारकीनं तिचा हात धरला तर धरू द्यायची.

आज बारकी दुकानातून आली तेव्हा तिनं आधी चाकाकडे बघितलं. तारेचे पीळ जसेच्या तसे होते. चाक जागचं हललं नव्हतं. दिवा उभा होता. तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि पिशवी खाली ठेवली. स्वयंपाकघरात नळ सोडल्याचा आवाज आला. वहिनी भांड्यात पाणी भरत होती, कोट घातलेला, बूट घातलेले.

"वहिनी, आत्ता चहा?"

"वळलाय तो," वहिनी म्हणाली. "बघ ना."

बारकी खिडकीपाशी गेली. बांधावर ठिपका होता. लाल नव्हता. पांढरा होता, आणि वळणापासून बराच अलीकडे आलेला होता.

तिनं धावत जाऊन चाक धरलं. बांधलेलं चाक, गप्प. त्याला ओढ नव्हतीच. ती दाराकडे गेली, कडी सरकवली, वरची, मग खालची, आणि पाठ दाराला लावून उभी राहिली. समोर वहिनीनं ओट्यावर तीन कप मांडले होते. तिनं काडी ओढून गॅस पेटवला, भांडं वर ठेवलं आणि आच मोठी केली. मग बारकीकडे बघून हसली, पूर्वी हसायची तसंच. आधण बारीक आवाज करायला लागलं होतं.